टेम्पो घेतला, पण लावायचा कुठं?

ढेबेवाडीकर

परवा कराडला कोल्हापूर नाक्यावर माझी जुनी 407 दिसली. रंग बदललाय, मालक कोण ते ठाऊक नाही, पण मागच्या फाळक्यावर 'आईची कुपा' तसंच. पेंटरनं 'कृ'चा 'कु' केला होता. भांडायला गेलो तर म्हणाला, पन्नास रुपये कमी द्या. दिले कमी. सात वर्षं ती कुपा घेऊन फिरलो, आणि पुढच्यानंही खोडली नाही. सिग्नल सुटेपर्यंत बघत राहिलो, मागचे हॉर्न मारत होते.

आमचे वडील वाशीला कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. आमच्या खोऱ्यात घरटी एक माणूस तिकडं. मी पाठीवर पोती घेतली नाहीत, दुसऱ्याचा टेम्पो चालवला तुर्भ्यात. 2012 ला ठरवलं, आता स्वतःची गाडी आणि गावाकडं. पण गावाकडं म्हणजे कुठं? खोऱ्यात लावून भाडं कोण देणार, चार महिने पाऊस आणि आठ महिने लग्नाची भांडी.

मग एक वही घेतली आणि एसटीनं फिरलो. लोणंद, सातारा, सांगली, कराड. प्रत्येक ठिकाणी आठ-आठ दिवस नाक्यावर चहा पीत बसायचं आणि गाड्या मोजायच्या. भरून किती गेल्या, संध्याकाळी भरून किती आल्या. बायकोला वाटलं मला वेड लागलं.

लोणंदला जाताना सगळ्या फुल्ल, येताना हौदा रिकामा. कांदा पडला की नाका ओस. साताऱ्यात टेम्पो स्टँडला नंबर लागतो, आणि नवख्याला नंबरात घेत नाहीत, सरळ सांगितलं तोंडावर. सांगलीच्या मार्केट यार्डात माल म्हणाल तर डोंगर, पण तो दहाचाकीचा आणि ट्रान्सपोर्टवाल्यांच्या हातातला. कराडला मात्र पुणे-बंगळूर हायवे आणि गुहागर-विजापूर रस्ता एकमेकांना कापतात. खाली चिपळूणला भाजी, अंडी, पेंड. वर येताना जांभ्या दगडाचा चिरा, सुकी मासळी, एप्रिल-मेमध्ये आंबा. वहीत कराडपुढं जास्त फुल्या पडल्या आणि गाडी तिथं लावली. जाणारं भाडं कुठूनही मिळतं हो, डिझेल निघतं ते परतीच्या भाड्यावर.

तुम्ही कशावरून जागा ठरवली? फसला असाल तर तेही लिहा.

कृष्णाकाठ

आईची कुपा 😂 आमच्या गल्लीत एक होती, 'पुन्हा भेटू' ऐवजी 'पुन्हा पेटू'.

वळणदार

कुंभार्ली घाटात पावसाळ्यात चिरा भरून 407?? नमस्कार घ्या.

ढेबेवाडीकर

@वळणदार, पावसाळ्यात चिरा नाही, खाणीत पाणी असतं. आणि भरून चढताना पहिला गिअर, रेडिओ बंद, क्लीनर मागं चालत दगड घेऊन 😄

हरिपूरचा हळद्या

मी जतचा. 2003 ला सांगलीत आलो. कशावरून ठरवलं विचाराल तर, मेव्हण्याची खोली होती स्वस्तात, एवढंच. वहीबिही काही नाही. खोली नदीच्या अंगाला, गाडी दारात. आम्ही दुष्काळी माणसं, रोज सकाळी एवढं पाणी बघून बरं वाटायचं.

काम हळदीचं. हरिपूरला जमिनीत पेवं होती, बऱ्याच जणांनी ऐकली नसतील. खोल खड्डे, वरून तोंड लहान, आत पोटच्या पोट हळद. तोंड उघडलं की लगेच उतरायचं नाही, आतली हवा जाऊ द्यायची, मग दिवा सोडायचा. दिवा विझला तर माणूस पण विझतो. जुने हमाल त्यातले दर्दी. पेवातून काढायची, पोती भरायची, यार्डात सौद्याला टाकायची. फेरी चार-पाच किलोमीटरची पण दिवसात सहा-सात व्हायच्या. परतीच्या भाड्याचा प्रश्नच नाही, एवढ्या जवळ रिकामं आलं तरी काय जातंय.

मग 2005 चा पूर. पेवांत पाणी शिरलं, लोकांची हळद कुजली, वास कितीतरी दिवस जात नव्हता. गाडीच्या इंजिनात गाळ. काम पण गेलं आणि गाडी पण. सहा महिने दुसऱ्याकडं ड्रायव्हरकी केली.

दुसरी गाडी घेतली तेव्हा पहिलं काय बघितलं असेल? उंची. कुपवाडला एमआयडीसीजवळ खोली घेतली, भाडं जास्त होतं, घेतली. 2019 च्या ऑगस्टातल्या पुरात गावभागातनं लोकांची कपाटं, गाद्या, म्हातारी माणसं वर आणत होतो, गाडी कोरडी. त्या आठवड्याचं भाडं घेतलं नाही कुणाकडनं. नंतर त्यातल्याच लोकांनी कामं दिली, अजून देतात.

नवीन पोरांनो, जागा घेण्याआधी शेजारच्या म्हातारीला विचारा 2005 ला पाणी कुठवर होतं. ती भिंतीवर हात लावून दाखवते.

सांगलीची सई

हळद्या काका 🙏 आमच्या आजोबांची पण होती पेवात. त्यांनी शेवटपर्यंत हिशोब सांगितला नाही किती गेली.

मसूरची लेक

भाकरी टाकता टाकता लिहितेय, चुका काढू नका.

आमच्या ह्यांना विटा हवं होतं, मित्र आहेत म्हणून. मी म्हटलं कराड, कारण माझं माहेर मसूर. हे दोन दिवस बोलले नाहीत. त्यांना वाटलं मला आईजवळ राहायचंय. ते होतंच, खोटं कशाला बोलू. पण दुसरं पण होतं. गाडी रात्री-बेरात्री जाणार, पोरं लहान, मी एकटी. हप्ता दर महिन्याला. भाडं मिळालं नाही त्या महिन्यात कुणाच्या दारात जाणार? मित्र चहा पाजतात, हप्ता भरत नाहीत.

पहिल्या वर्षी तीन हप्ते माझ्या भावानं भरले. वहीत लिहून ठेवलंय, फेडले सगळे.

आणि अजून एक, कुणी सांगत नाही ते. घर बघताना रात्री गाडी कुठं उभी राहणार ते बघा. आमच्या पहिल्या घरमालकानं दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं, टेम्पो दारात नको, सोसायटी आहे. मग गाडी पेट्रोल पंपावर. एका रात्रीत बॅटरी गेली, ताडपत्री गेली, दोरसुद्धा गेला. दोर कोण चोरतं हो?

ढेबेवाडीकर

दोर पहिला जातो ताई. चांगला दोर मिळत नाही.

गलाईवाला

नमस्कार. मूळ गाव आटपाडी तालुका, सध्या कोइमतूर. आमच्या भागातले बरेच जण सोन्या-चांदीच्या गलाईत, म्हणजे ते वितळवून शुद्ध करायच्या कामात, देशभर विखुरलेत, मीही त्यातला, वीस वर्षं झाली. आता धूर सोसत नाही, डॉक्टर म्हणाले बास करा. परत येऊन पिकअप घ्यायचा विचार आहे. आटपाडीत डाळिंब आहे, पण गावात लावू की विट्याला की थेट सांगलीत? मराठी टायपिंग हळू आहे, माफ करा.

ट्रान्सपोर्टमास्तर

@गलाईवाला आधी कागद. गाडीचं एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माल, 3000 किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही. तुमचं साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन असेल तर 7500 किलोपर्यंतची मालगाडी त्यावर चालते, वेगळा बिल्ला लागत नाही, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर 2024 ला यावर शिक्कामोर्तब केलंय. आडवलं तर हेच सांगायचं. पण फिटनेस, विमा, पीयूसी याला पर्याय नाही. नवीन गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी पासिंग, नंतर दरवर्षी. जुनी घेताना हा खर्च कुणी धरत नाही.

कर्जासाठी मुद्रा योजना बघा. मराठा समाजातले असाल तर अण्णासाहेब पाटील महामंडळाकडून व्याजाचा परतावा मिळतो, मात्र हप्ता वेळेवर पाहिजे.

ढेबेवाडीकर

अण्णासाहेब आमच्या पाटण तालुक्यातले बरं का. आमच्या वडिलांच्या पिढीला माथाडी कायदा मिळाला 1969 ला तो त्यांच्यामुळं. वडील अजून फोटोला हार घालतात.

@गलाईवाला, धूर सोडून डिझेलच्या धुरात येताय, विचार करा 😄 गंमत सोडा. डाळिंबाचा हंगाम संपल्यावर आटपाडीत काय भरणार, ते आधी लिहून काढा.

बकासूर नाही मी

ह्यो धागा लई आवडला. मी खटाव तालुका. गाव सोडलंच न्हाय. पिकअप घेतली 2020 ला, लगीच लॉकडाऊन. घरचे म्हणले इकून टाक. मंग 2021 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं बैलगाड्यांच्या शर्यती परत सुरू केल्या आन माझा हौदा कधी रिकामा न्हाय राह्यला. शर्यतीची बैलं न्यायची. खाली मॅट, त्यावर भुसा, बाजूला गाद्या बांधल्यात. मालक स्वतः मागं बैलापाशी बसतो, मला म्हणतो चाळीसच्या वर काटा गेला तर भाडं न्हाय. परत येताना तीच बैलं, म्हंजी परतीचं भाडं पक्कं! जिंकला तर गुलाल माझ्या काचंवर पण. हरला तर समदी गाडी गप, बैल सुद्धा.

वळणदार

बैल सुद्धा गप 😂😂

तंबोरा

मी मिरजेचा. आमच्या गाडीची गोष्ट जरा वेगळी आहे, धाग्यात बसते का बघा.

मिरजेत सतारी-तंबोरे बनतात हे माहीत असेल. ते नेण्याचं काम मला अपघातानं मिळालं. पहिल्यांदा पुण्याला सहा तंबोरे नेले, खंबाटकी घाटात खड्डा आला आणि मागून 'टण्ण' असा आवाज. जीव गेला. थांबून बघितलं तर तार तुटलेली, भोपळा शाबूत. तेव्हापासून प्रत्येकाला वेगळी गोधडी.

परतीचं भाडं म्हणाल तर भोपळे. पंढरपूरकडं पिकवतात, जाड सालीचे, खायचे नव्हेत. ते वाळवून इकडं आणायचे. वजनाला काहीच नाही पण गाडी गच्च भरते, शिखर होतं. टोलवाला विचारतो, एवढी भाजी कोण खातं?

यात पैसा फार नाही. महिन्यात दोन-तीन फेऱ्या. बाकीचे दिवस फर्निचर आणि दवाखान्यांचं सामान, मिरजेत दवाखाने काही कमी नाहीत. पण गल्लीतले कारागीर दुसऱ्याच्या गाडीत तंबोरा ठेवत नाहीत, म्हणून मिरज सोडवत नाही. कुपवाडला जास्त काम आहे हे मलाही दिसतं.

सांगलीची सई

मिरजेचं काय सांगावं, 2016 ला लातूरला पाणीसुद्धा मिरजेतनं रेल्वेनं गेलं.

तंबोरा

हो ना, आमचं परतीचं भाडं तेवढं राहिलं.

शिरवळ सहा चाकी

शिरवळ. कंपनीचं काम. भाडं चांगलं, बिल नव्वद दिवसांनी. तीन महिन्यांचं डिझेल खिशात असेल तरच या. माझ्या खिशात नव्हतं. कंपनीचं नाव सांगत नाही, अजून दोन बिलं अडकलीत.

ऊसाचा पाला

मला बोलायलाच लावलंत. वाळवा तालुका. 'कारखाना जवळ, ट्रॅक्टर घे, जागा बदलायची गरज नाही' असं सगळे म्हणाले. घेतला. मुकादमाला ऊसतोडीच्या टोळीसाठी उचल दिली, निम्मी कर्जाची आणि निम्मी बायकोच्या दागिन्यांची. दिवाळी झाली, कारखान्याचा भोंगा वाजला, टोळी नाही. फोन बंद. त्याच्या गावाला गेलो, तिथं माझ्यासारखे आणखी दोघं ओट्यावर बसलेले. तिघांनी मिळून चहा घेतला आणि परत आलो, काय करणार.

गाव सोडलं ते तेव्हा. लोक म्हणतात भाडं बघून जागा निवड. मी अशी जागा निवडली जिथं कुणी ओळखत नाही, हप्त्याचं विचारत नाही. साताऱ्यात घरसामानाची हलवाहलव करतो आता, छोटा हत्ती (टाटा एस) आहे. ढेबेवाडीकर म्हणतात ते खरं, नंबरात घेत नव्हते. एक वर्ष पोवई नाक्यापासून लांब एका फर्निचरच्या दुकानापुढं उभा राहिलो. दुकानदाराची कपाटं तिसऱ्या मजल्यावर स्वतः चढवली, हमाली न घेता. मग त्यानंच कार्ड छापून दिलं.

गुडघा गेला त्यात. कुणाला चांगला डॉक्टर माहीत असेल तर सांगा, ऑपरेशन न सांगणारा.

मसूरची लेक

दादा, गुडघ्याला निर्गुडीचा पाला शेकायचा, माझी आई करते. दागिने सुटले का?

ऊसाचा पाला

मंगळसूत्र सुटलं. पाटल्या नाही अजून.

पसरणी घाट

वाईत गाडी लावून महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी उचलतो. डिसेंबर ते एप्रिल राजा, पुढं भिकारी. संध्याकाळी भरायची, रात्रीत वाशी, उजाडायच्या आत. उशीर झाला तर फळ बसतं आणि अडत्या भाव सांगताना तुमच्याकडं बघत पण नाही. परत येताना रिकामे क्रेट. ते भाडं नव्हे, उपकार. पावसाळ्यात मी भाऊबंदांकडं भातलावणीला, गाडी झाकून. तरी वाई सोडणार नाही, का ते विचारू नका.

कृष्णाकाठ

का?

पसरणी घाट

विचारू नका म्हटलं ना. घाट आवडतो.

गलाईवाला

सगळ्यांचं वाचलं, दोनदा. बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं मसूरच्या ताईंचंच उचलून धरलं, तिचं माहेर कवठेमहांकाळ. तिकडं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज भरपूर, पंधरा-पंधरा किलोचे बॉक्स, तासगावच्या सौद्याला जातात. म्हणजे वर्षभर थोडं थोडं काम निघेल असं वाटतं. परतीचं काय, ते बघायला पुढच्या महिन्यात येतोय. वही घेऊन.

@ढेबेवाडीकर, ती कुपावाली 407 विकायची आहे का बघाल का?

ढेबेवाडीकर

अहो पिकअप म्हणत होता ना तुम्ही? तिचे मागचे स्प्रिंगचे पाटे मी दोनदा बदललेत, घेऊ नका.

थांबा, नाक्यावर विचारतो उद्या. पाटे सोडले तर इंजिनाला काही नव्हतं झालं.