शब्दचर्चा : माशी ‘बांधणे’ की ‘वळणे’?

गोदाकाठ : गळाभोवती दोरा, लोकर, कोंबड्याच्या मानेची पिसं गुंडाळून खोटी माशी करायची आणि तिने मासा फसवायचा, हा नवा नाद लागलाय. इंग्रजीत ‘फ्लाय टाइंग’. रात्री आईने विचारलं, काय करतोस? म्हटलं, माशी बांधतोय. म्हणाली, “लोक नुसत्या मारत बसतात, तू बांधायला लागलास?” बरा शब्द सुचवा.

पंचवटीकर : ‘वळणे’ म्हणा. वात वळतो, सुंभ वळतो. बांधायची ती गाय.

जुना फिटर, सातपूर : नाही पटत. वळताना धागा स्वतःच पीळ खातो. इथे दोरा गळाच्या दांडीवर वेढे घेतो. लोकरीचा पुंजका चिमटीने दोऱ्यावर पिळून चढवतात, त्याला ‘डबिंग’ म्हणतात. तेवढंच वळणं. बाकी सगळे वेढे आणि शेवटची गाठ. केरसुणी आपण बांधतोच की! ‘बांधणे’च बरोबर.

पंचवटीकर : केरसुणीपुढे हरलो. पण ‘माशी’चं काय? मासा आला मत्स्यवरून, माशी मक्षिकेवरून. नातं काही नाही, पण मराठीत नवरा-बायको वाटतात. ‘माशांसाठी माश्या बांधतो’ हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. त्यात ‘स्ट्रीमर’ नावाचा प्रकार छोट्या माशाची नक्कल करतो. म्हणजे मासोळीसारखी दिसणारी माशी!

गोदाकाठ : असू दे. बंदुकीच्या नळीवरच्या माशीला तरी कुठे पंख असतात? मात्र पाण्यावर तरंगते ती ‘ड्राय फ्लाय’, तिला ‘सुकी माशी’ म्हणू नका. ऐकणारा सुकटीचा भाव विचारेल. कोरडी माशी म्हणा, बुडते ती ओली.

येवलेकर : दोर गुंडाळायच्या रिळाला आमच्याकडचा शब्द घ्या, आसारी. संक्रांतीला मांजा तिच्यावरच असतो. आणि गळाच्या डोळ्याला ‘आय’ कशाला? सुईला असतं तेच नेढं. नांदुरीजवळ मोहनदरीच्या किल्ल्यालाही आहे.

पंचवटीकर : नेढं पसंत. या उद्योगाला जुनी साक्षही आहे. मॅसिडोनियाचे कोळी गळाला तांबडी लोकर गुंडाळून कोंबड्याची दोन पिसं लावत, असं एलियन या रोमन लेखकाने इ. स. २०० च्या आसपास लिहून ठेवलंय. कृती तीच, लोकर नि पीस. नावच आपण आत्ता शोधतोय.

गोदाकाठ : तर मग माशी बांधणे, नेढं, आसारी. गळ घट्ट धरायचा ‘व्हाइस’ राहू दे, सातपूरला त्याला कोणी दुसरं काही म्हणत नाही. आत्ता त्यात १२ नंबरचा गळ धरलाय (नंबर वाढला की गळ लहान, हे पहिल्यांदा उलटं वाटतं). नेढ्यापाशी शेवटची गाठ मारायची तेवढी राहिली होती. दोरा तुटला, पिसं उलगडली. माशी शिंकली.