उंचीवर करिअर उभं राहत नाही

लातूरच्या १५ वर्षांच्या, बास्केटबॉल खेळणाऱ्या सहाफुटी पोराबद्दल कुणीतरी लिहिलंय, 'उंची आहे, अमेरिकेत निघून जाईल'. भारताच्या सतनामसिंग भामराचं बघा. उंची ७ फूट २ इंच, एनबीए या अमेरिकेच्या सर्वात मोठ्या बास्केटबॉल लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्स संघाने त्याला २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, दुसऱ्या फेरीत ५२ व्या क्रमांकावर घेतला. पण दुसऱ्या फेरीतल्या निवडीला पगाराची हमी नसते. तो खालच्या लीगमध्ये खेळला, एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

आपल्याकडे उंच पोराला रिंगखाली उभं करून फक्त रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा परत आलेला चेंडू) घ्यायला लावतात. तिथंच घोळ होतो. सहा फुटी पोरगा वरच्या पातळीवर गार्ड (रिंगपासून लांब राहून चेंडू पुढे नेणारा खेळाडू) म्हणूनच खेळणार, म्हणजे दोन्ही हातांनी ड्रिबल (चेंडू आपटत नेणं) आणि लांबचा शॉट हवाच.

आधी कोर्ट मोजा. रिंगची वरची कड जमिनीपासून ३.०५ मीटर. रिंगच्या मध्यातून ओळंबा सोडा आणि तिथून समोर तीन गुणांची रेषा मोजा: ६.७५ मीटर भरायला हवी. २०१० पूर्वी आखलेल्या कोर्टावर ती ६.२५ असते. त्यावर घोटलेला शॉट नव्या कोर्टावर आखूड पडतो, आणि पोरं मग खांद्याने ढकलायला लागतात. एनबीएची रेषा तर ७.२४.

सिमेंटवर रोज उड्या नकोत, गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा (हाडाला जोडणारा चिवट पट्टा) दुखावते. उड्या मातीच्या मैदानावर, आठवड्यातून दोनदा पुरे. एप्रिल-मेमध्ये सराव सकाळी आठच्या आत उरका.

पोटापाण्याचं म्हणाल तर रेल्वे, सेनादल यांची खेळाडू भरती हाच अजून खात्रीचा रस्ता. त्यासाठी स्पर्धांची प्रमाणपत्रं नीट जपून ठेवा.