मदत हवी आहे: हा बाँबरमॅनचा नेमका कुठला भाग?

मंडळी, वाद घरगुती आहे, पण चार दिवस झाले मिटत नाहीये, म्हणून इथे विचारतो.

आमच्याकडे १९९०च्या दशकात टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम होता. कॅसेटवर भलामोठा आकडा छापलेला, आत मात्र तेच पाच-सहा गेम नावं बदलून फिरून फिरून यायचे. त्यातच बाँबरमॅन. हिरवी जमीन, राखाडी ठोकळे, मधे विटा आणि पहिल्या लेव्हलला फुग्यांसारखे बावळट शत्रू. एका विटेखाली दार लपलेलं. वेळ संपली की नाण्यासारखे गोल प्राणी भसाभसा यायचे आणि विटांमधून आरपार जायचे. मेलो की पडद्यावर पासवर्ड म्हणून अक्षरांची लांबलचक माळ यायची, ती मी आईच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर उतरवायचो. एम आणि एनचा घोळ झाला की सगळं मुसळ केरात.

हे सगळं मी एकट्यानेच खेळलोय, याबद्दल मला शंका नाही. दादा म्हणतो, "काहीही! आपण दोघं खेळायचो. तू मला गल्लीत कोंडायचास आणि मागे बाँब ठेवून पळायचास. आणि गेम तुरुंगातून सुरू व्हायचा." तुरुंग? मला ओ की ठो आठवत नाही.

कोण बरोबर? आणि आणखी एक: परवा तोच जुना भाग परत लावला. दार सापडलं, पण जवळ दुसरा बाँब फुटला आणि अचानक शत्रूंची झुंडच आली. हे बिघडलंय की असंच आहे?

प्रतिसाद १
दोघेही बरोबर, कॅसेटी वेगळ्या. तुमचा तो फॅमिकॉमवरचा (निन्टेंडोचं टीव्हीला जोडायचं जपानी गेम-यंत्र) १९८५चा, हडसन सॉफ्टचा. ५० लेव्हल, एकट्यानेच खेळायचा, त्यात दुसऱ्या जॉयस्टिकला काही काम नाही. दादांचा तो १९९१चा बाँबरमॅन २. त्यात काळा बाँबरमॅन बँक लुटतो आणि आळ आपल्या गोऱ्या बाँबरमॅनवर येतो, म्हणून सुरुवातच कोठडीत. एकमेकांना उडवायची सोय त्यात आहे.

झुंडीचं म्हणाल तर ते तसंच आहे. उघड्या दाराला ज्वाळा लागली की आतून नवे शत्रू निघतात. विटेखाली सापडलेली शक्तीची खूण उडवलीत तरी तेच. दार दिसलं की त्याच्या ओळीत बाँब ठेवायचाच नाही, आडोशाच्या गल्लीत शत्रूंना ओढून मारायचं. हवा तेव्हा बाँब फोडता येणारा रिमोट मिळाला असेल तर मरू नका, मेलात की तो जातो. मी ३०च्या पुढे कायम इथेच रडायचो.

प्रतिसाद २
एक भर. युरोपात या मालिकेतले काही भाग डायना ब्लास्टर नावाने विकले जायचे आणि त्याच नावाने पीसीवरही आली होती. कुणा मित्राच्या कॉम्प्युटरवर एकत्र चिकटून खेळल्याचं आठवत असेल तर ते ते. बाकी चौघांची खरी मजा १९९३च्या सुपर बाँबरमॅनमध्ये, सुपर निन्टेंडोवर, मल्टिटॅप (जास्तीचे कंट्रोलर जोडायचं उपकरण) लावून. सेगाच्या सॅटर्न या गेम-यंत्रावरच्या १९९६च्या भागात तर दहा जण एका पडद्यावर! आपण नेमके कोण हेच शोधण्यात अर्धा डाव जातो.

धागाकर्ता
धन्यवाद! दादाला फोनवर वाचून दाखवलं. आता म्हणतो, ती तुरुंगवाली कॅसेट मामाकडची असावी. चला, हेही नसे थोडके.

पुढचा प्रश्न: गणपतीत घरी पाच पोरं जमणार. भाच्याकडे निन्टेंडोचं स्विच हे गेम-यंत्र आहे. २०१७चा सुपर बाँबरमॅन आर आठ जणांना चालतो असं वाचलं. पण आपल्याकडे जॉय-कॉनची (स्विचच्या छोट्या सुट्या कंट्रोलरची) एकच जोडी, म्हणजे आडवे धरून दोघंच. उरलेल्या तिघांसाठी साधे कंट्रोलर घ्यावेत की आणखी जॉय-कॉनच? सगळ्यात धाकटा सहा वर्षांचा आहे आणि चिडला की हातातलं फेकतो, हे लक्षात घेऊन सांगा.