तळेगाव सोडलं की गाडी आचके खाते, कॉम्प्युटरमध्ये नेमकं काय बदलू?

बँकरकाका, चिंचवड:
नमस्कार मंडळी. निवृत्तीनंतर घरी ओपन रेल्स (कॉम्प्युटरवर रेल्वे चालवायचा गेम) चालवतो. (नावाला हसू नका. कर्जतला गाडीच्या मागे लागतात ती इंजिनं बँकर, मी बँकेतला. ढकलायचं काम दोघांचंही.) घाटातलं मंकी हिल आयुष्यभर खिडकीतून बघितलं, आता कॅबमधून बघतोय.

मशीन जुनं: आय५-४४६० प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, १ टीबी हार्ड डिस्क. मागच्या महिन्यात एका दुकानदारानं "गेम म्हणजे ग्राफिक्स कार्डच" म्हणत जीटीएक्स १६५० गळ्यात मारलं. झाडं जरा हिरवी दिसतात, बाकी जैसे थे. पुणे यार्डात आजूबाजूला डबे उभे असले की सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम १२-१३ वर येतात. आणि तळेगावहून ताशी १०० नं निघालो की थोड्या थोड्या वेळानं चित्र गोठतं. डेक्कन क्वीनला शोभत नाही हो! मुलगा म्हणतो नवीन घ्या, पण चालतं मशीन टाकायचं जिवावर येतं.

कोथरूडची_रेल:
मुलाचं ऐका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि चौथ्या पिढीचा आय५ विंडोज ११ च्या यादीत नाही. जुन्यावर पैसे घालू नका.

यार्डमास्तर_हडपसर:
थांबा काका, इतक्यात पाकीट काढू नका. एफ५ दाबा, मग शिफ्ट धरून एफ५ दाबत डीबगच्या पानावर जा. रेंडर, अपडेटर, लोडर, साउंड अशा ओळी दिसतील, पुढे टक्के. यार्डात कोण शंभराला टेकतंय आणि आचक्याला कोण उसळतंय ते बघा. दोन आचक्यांमधला वेळही मोजा.

बँकरकाका, चिंचवड:
मोजलं, वहीत मांडलंय (लेजरची सवय). यार्डात रेंडर ९८. आचक्याला लोडर. ताशी १०० ला दर ७४-७५ सेकंदांनी, घाट ३० नं उतरताना चार मिनिटांच्या किंचित वर.

यार्डमास्तर_हडपसर:
वा! वेग आणि वेळेचा गुणाकार करा, दोन्हीकडे दोन किलोमीटरच येतात. २००१ च्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरनं जमीन २०४८ मीटरच्या चौकटींत कापली, ओपन रेल्स तेच रूट वापरतं. पुढची चौकट आली की लोडरनं शेकडो बारीक फायली वाचायच्या, आणि तुमच्या हार्ड डिस्कची सुई इकडून तिकडे धावते. साधी २.५ इंची साटा एसएसडी (सुई नसलेली डिस्क) लावा, विंडोज आणि रूट दोन्ही तिच्यावर.

यार्डाचं दुखणं वेगळं. रेंडरचं, म्हणजे चित्र उभं करायचं काम प्रोसेसरच्या चार कोरांपैकी एकच कोर ओढतो, बाकीचे तीन बघत बसतात. प्रत्येक डब्याचा तुकडा न् तुकडा तो कार्डाकडे पाठवतो, कार्ड हात बांधून उभं. म्हणून १६५० नं फरक पडला नाही. डायनॅमिक शॅडो (सावल्या) बंद करा, ऑब्जेक्ट डेन्सिटी आणि व्ह्यूइंग डिस्टन्स उतरवा. ८ जीबीची दुसरी डीडीआर३ पट्टी जुनी, स्वस्तात मिळाली तरच. पुढे नवीन मशीन घ्याल तेव्हा कोर मोजू नका, एका कोरचा वेग बघा. कार्ड तिकडे चालेल, वाया गेलं नाही.

कोथरूडची_रेल:
एसएसडीही नव्या मशीनला लागेल. एवढं मान्य. विंडोजचं मात्र बघा.

बँकरकाका, चिंचवड:
तापकीर गल्लीतून २४० जीबीची आणली, रविवारी भाच्यानं बसवून दिली. तळेगाव ते चिंचवड एकही आचका नाही, दोनदा जाऊन बघितलं. यार्डात आता २३-२४ फ्रेम. विंडोजचंही पटलं: सपोर्ट संपलेल्या विंडोजवर नेट नको, म्हणून या मशीनची नेटची वायर काढून टाकली, पेन्शनचं सगळं मुलाच्या लॅपटॉपवर. फक्त सावल्या बंद केल्यापासून शिवाजीनगरच्या फलाटावरची माणसं भुतं वाटतात.