हद्दवाढीतलं खेडं

बाळेकर: काल एकानं पोस्ट टाकली, "हद्दवाढवाल्यांनी स्वतःला ग्रामीण म्हणणं बंद करा, 1992 पासून सोलापूर महापालिकेत आहात." डोकंच फिरलं. बाळ्यात आमच्या मागच्या भिंतीला लागून ज्वारी हाय, सकाळी म्हशीपुढं कडब्याची पेंडी टाकल्याशिवाय धार काढता येत नाय, अन् मी शहरी? घरपट्टी शहराची, पण रोजगार हमीचं काम मागायचं तर ग्रामपंचायत कुठाय? ग्रामीण घरकुलाच्या यादीतही बसत नाय.

कन्ना चौक: अहो रेघ कुठंतरी मारावी लागतेच. महापालिका, नगरपालिका असली की शहरच. बाकी ठिकाणी जनगणना बघते 5 हजार लोकसंख्या, चौरस किलोमीटरला 400 माणसं आणि कामकरी पुरुषांतले 75 टक्के शेतीबाहेर. प्लॉट विकताना बरं "शहरात आहे" म्हणून भाव सांगता!

देगावची सून: पुरुषांतलेच का? नवरा यंत्रमागावर, दोन एकर मी एकटी बघते, खुरपून खुरपून तळहाताला घट्टे पडलेत. हे त्या 75 टक्क्यांत कुठंच नाही. अन् कसलं शहर, पाणी चार-चार दिवसांनी, तेही रात्री दोनला, मोटर लावून पिपं भरत बसायचं आणि सकाळी परत रानात.

कन्ना चौक: पाण्याचं आम्हा जुन्या शहरातल्यांनाही तसंच हो ताई. उजनी भरली तरी चौथ्या-पाचव्या दिवशीच.

बाळेकर: तुमच्याकडं फोर्सनं येतं! आमच्याकडं करंगळीएवढी धार, एक घागर भरायला दहा मिनिटं, अन् तुम्ही तसंच म्हणून काय सांगलालाव? मागच्या उन्हाळ्यात आईला टँकरमागं पळताना पाय मुरगळला, महिनाभर खाटेवर होती.

कन्ना चौक: आवाज चढवू नका. आमच्या वाड्यात एका नळावर सहा बिऱ्हाडं आहेत, तिथं येऊन फोर्स बघा.

अकलूजवाला: विषय पाण्याचा नव्हता. आमचं अकलूज 2011 ला 40 हजारांच्या आसपास, ऊस, कारखाना, मोठी बाजारपेठ, तरी कारभार ग्रामपंचायतीचाच. नगरपरिषद 2021 ला झाली. म्हणजे बाळे शहर अन् अकलूज खेडं, असं एकोणतीस वर्षं चाललं. एकाच रेघेनं सगळं ठरवलं की असं होतं.

कन्ना चौक: बरं, बायकांचं काम मोजायला पाहिजे, एवढं मान्य. पण बाळे खेडं नाही.

बाळेकर: मग या एकदा, पावसाळ्यात. चप्पल हातात धरून यावं लागंल.

देगावची सून: नळ आलाय, चालले मी.