मदत हवी आहे: व्हर्च्युअल सर्व्हर दुपारी साडेतीनला रांगायला लागतो

नमस्कार मंडळी,

वेंगुर्ल्याजवळच्या एका काजू कारखान्यात कॉम्प्युटरचं सगळं मीच बघतो. एकच सर्व्हर आहे: १६ कोअर, ६४ जीबी रॅम, चार एसएएस डिस्क रेड ५ मध्ये (एक डिस्क गेली तरी डेटा टिकेल अशी जोडणी). त्यावर प्रॉक्समॉक्स आणि त्याने चालवलेली पाच व्हीएम, म्हणजे आभासी मशीन. बिलिंगचा डेटाबेस, फाइल सर्व्हर, हजेरी आणि दोन किरकोळ.

मे अखेरपर्यंत तक्रार नव्हती. पाऊस लागला, लाईटचा खेळ सुरू झाला आणि बिलिंगची रड सुरू झाली. बिल सेव्ह केलं की गोल चक्र फिरत बसतं. माल भरलेला ट्रक दारात, ड्रायव्हर खिडकीतून डोकावतोय आणि प्रिंटर ढिम्म!

डेटाबेसच्या व्हीएमला ४ चे ८ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) दिले, रॅम वाढवली. शून्य फरक. होस्टवर, म्हणजे मूळ सर्व्हरवर, टॉप (सीपीयूचा वापर दाखवणारी कमांड) लावला तर युजर-सिस्टीम मिळून १० टक्केसुद्धा नाही, एसटी (लाल डब्बा नव्हे, स्टील, म्हणजे चोरीला गेलेला सीपीयूचा वेळ) शून्य, पण डब्ल्यूए (डिस्कची वाट बघत सीपीयू रिकामा बसतो तो वेळ) ३० च्या वर. सप्लायर म्हणतो नवा सर्व्हर घ्या. तो म्हणणारच.

प्रतिसाद: एसटी होस्टवर बघू नका, व्हीएमच्या आत बघा. व्हीएमला सीपीयू हवा असताना होस्टने तो दुसऱ्याला दिला, तर तो वेळ तिथे दिसतो. पण डब्ल्यूए एवढा म्हणजे दुखणं डिस्कचं वाटतंय. व्हीसीपीयू परत ४ करा. आयोस्टॅट कमांडमधला अवेट (डिस्कच्या एका कामाला लागणारा सरासरी वेळ) टाका, आणि जुना स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणीची जपून ठेवलेली स्थिती) राहिलाय का तेही बघा.

धागाकर्ता: आतूनही एसटी शून्य. स्नॅपशॉट नाही. रीड ६ मिलिसेकंद, राईट ९०.

प्रतिसाद: रेड कार्डाची (डिस्क सांभाळतं ते कार्ड) बॅटरी बघलंस काय? बॅटरी असेपर्यंत कार्ड डेटा आपल्या कॅशमध्ये (तात्पुरत्या मेमरीत) घेऊन लगेच "झालं" म्हणतं, ते राईट-बॅक. तिने राम म्हटला की बहुतेक कार्डं गुपचूप राईट-थ्रूवर जातात, मग प्रत्येक राईट डिस्कवर पोचेपर्यंत थांबा. त्यात तुझं रेड ५. एका छोट्या राईटसाठी जुना डेटा नि जुनी पॅरिटी (डिस्क गेल्यास डेटा परत मिळवायची जादा माहिती) वाचायची, मग दोन्ही नव्याने लिहायची. चार फेऱ्या! डेटाबेस दर कमिटला, म्हणजे नोंद पक्की करताना, ताटकळणारच.

धागाकर्ता: स्टोअरसीएलआयने (रेड कार्ड तपासायची कमांड) बघितलं. बॅटरी फेल्ड, कॅश राईट-थ्रू. चार वर्षांत एकदाही बघितली नव्हती, कबूल. नवी मागवली. तोवर राईट-बॅक जबरदस्तीने चालू करू का? १५ मिनिटांचा यूपीएस आहे.

प्रतिसाद: मुळीच नको. यूपीएसनेच दगा दिला तर कॅशमधली बिलं गेली, आणि डेटाबेसच्या लेखी ती सेव्ह झालेली. ट्रक थांबू दे. साडेतीनलाच का बसतं ते मात्र शोध, तेव्हा काहीतरी लागत असणार.

धागाकर्ता: हजेरीच्या व्हीएमचा बॅकअप, त्याच डिस्कवर! मीच लावलेला, लाईट असते म्हणून दुपारी. रात्री दोनला हलवलाय. आज चारच्या ट्रकची बिलं रखडत का होईना, पण निघाली. बॅटरी बसवली की राईटचे नवे आकडे इथेच टाकतो.