‘दोन कॉलमी’ चित्र कोणतं? आणि शीर्षक खाली कसं?

प्रश्न (ऐरोली)
मी इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवते. शोधनिबंध टाइपसेट कसा करावा यावर त्यांच्यासाठी छोटी मराठी पुस्तिका करतेय. त्यात एक वाक्य होतं : ‘दोन कॉलमी निबंधात दोन कॉलमी चित्र पानाच्या वर ठेवा व त्याचं शीर्षक खाली द्या.’ एका मुलीने विचारलं, “मॅडम, निबंधच दोन कॉलमी, मग त्यातलं प्रत्येक चित्र दोन कॉलमीच ना?” मागच्या बाकावरून आवाज आला, “शीर्ष खाली म्हणजे शीर्षासन.” दोघांचंही बरोबर आहे. वाइड फिगर (दोन्ही कॉलमांवर पसरलेलं चित्र) आणि कॅप्शन (चित्रासोबतचा मजकूर) यांना तुम्ही काय म्हणता?

नौपाडा, ठाणे
ताई, मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर आयुष्य काढलं. आमच्याकडे पान आठ कॉलमांचं आणि बातमी दोन कॉलमी, म्हणून घोळ होत नसे. ‘-ई’ लावलेलं विशेषण जागा किती खाल्ली ते सांगतं. पानासाठी षष्ठी वापरा : ‘दोन कॉलमांचं पान’, ‘दोन कॉलमी चित्र’.

कळवा
काका, तीनमजली इमारत मजले खात नाही, तिच्यात मजले असतात. हा प्रत्यय दोन्हीकडे चालतो, त्याच्यावर भार टाकू नका. ‘पानभर चित्र’ म्हणा की. हातभर, वीतभर, तसं पानभर.

नौपाडा, ठाणे
इमारतीचं मान्य. पण पानभर जाहिरात म्हणजे अख्खं पान! मुलं एका चित्राला पूर्ण पान देऊन मोकळी होतील.

वाशी
आमचं डीटीपीचं दुकान आहे. गिऱ्हाईक सरसकट ‘आडवं चित्र’ म्हणतं आणि तिथेच गडबड होते. आडवं-उभं हा चित्राचा आकार झाला, त्याने किती जागा घेतली ते वेगळं. आडवा आलेख एका कॉलमात मजेत बसतो. उलट चार उभे फोटो शेजारीशेजारी लावले की दोन्ही कॉलम लागतात. आयट्रिपलई या इंजिनिअरांच्या संस्थेच्या मापात एक कॉलम ३.५ इंच आणि दोन्ही मिळून ७.१६ इंच (मधली फट धरून, म्हणून दुपटीपेक्षा जरा जास्त). मी ऑर्डरवर ‘कॉलमरुंद’ आणि ‘पानरुंद’ लिहितो. समास शुद्ध आहे की नाही ते काकांनी सांगावं, पण चुकीची प्रिंट निघत नाही.

घणसोली
पानरुंद आवडला. माझा आक्षेप मॅडमच्या क्रियापदावर आहे. लाटेक या टाइपसेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये (लेटेक्स नव्हे, ते रबर) असं चित्र आपण ‘ठेवत’ नाही. फिगर-स्टार ही आज्ञा लिहिली की ते तरंगायला लागतं, जागा लाटेक ठरवतं. मुळातली सोय अशी की पानरुंद चित्र पानाच्या माथ्यावर लागतं, नाहीतर फक्त चित्रांच्या वेगळ्या पानावर. जिथे लिहिलं तिथेच ते येत नाही. आज्ञा ज्या पानाच्या मजकुरात येते त्या पानावरही नाही. लवकरात लवकर पुढच्या. म्हणून ती आज्ञा फाइलमध्ये आधीच, पान-अर्धं पान अलीकडे लिहायची. तळाशी हवं असेल तर एसटीफ्लोट्स पॅकेज घ्यावं लागतं. माझ्या पहिल्या निबंधात ‘इथेच’ म्हणून एच देऊन मी रात्रभर भांडत बसलो होतो. तेव्हा ‘ठेवा’ नको, ‘सोडा’ म्हणा. खाडीत होडी सोडतात, ती आपल्या धक्क्याला लागते. रुंदीला टेक्स्टविड्थ (पानावरच्या सगळ्या मजकुराची रुंदी) द्यायची. कॉलमविड्थ (एका कॉलमाची रुंदी) दिली तर पानरुंद जागेत कॉलमरुंद चित्र एकटं बसतं.

आणि चित्र तरंगणार म्हटल्यावर ‘खालील चित्रात’ हे शब्द बादच. खालील म्हणून लिहिलेलं चित्र पुढच्या पानाच्या डोक्यावर बसलेलं असतं. ‘आकृती ४ मध्ये’ असंच लिहायचं. तो आकडा बरोबर यायला लेबल (चित्राला दिलेलं खुणेचं नाव) कॅप्शनच्या नंतर लिहायचं, आधी लिहिलं तर भलताच आकडा येतो.

नौपाडा, ठाणे
‘सोडा’ला माझं मत. बातमीही आम्ही पानात सोडायचोच.

आता कॅप्शन. डेस्कवर शब्द होता ‘फोटोओळ’. ‘ओळी लिहून दे’ एवढं म्हटलं तरी पोरगं फोटोखालचा मजकूर लिहून आणायचं. तुमच्याकडे आलेख, नकाशे, सगळंच असतं, तर ‘चित्रओळ’ करा.

कळवा
निबंधातली कॅप्शन सहा-सहा ओळींची असते. तिला ओळ म्हणायचं? ‘चित्रटीप’ बरं.

नौपाडा, ठाणे
‘पोचल्यावर चार ओळी लिही’ असं आई सांगायची, तेव्हा आम्ही ओळी मोजत नव्हतो. टीप म्हटली की डोळा तळटिपेकडे जातो.

वाशी
आणि तक्त्याचं काय? तिथे कॅप्शन वर असते, चित्राची खाली. आयट्रिपलईत तसंच.

घणसोली
मग भांडण मिटलंच की! तक्त्याला शीर्षक, कारण ते खरोखर डोक्यावर आहे. चित्राला चित्रओळ. शब्दावरूनच जागा कळते.

प्रश्नकर्ती (ऐरोली)
सगळ्यांचे आभार. ‘रकाना’ मी मुद्दाम घेत नाही, मुलांना फॉर्म भरल्यासारखं वाटतं. वाक्य आता असं : ‘दोन कॉलमांच्या निबंधात पानरुंद चित्र थोडं आधीच सोडा, ते पुढच्या पानाच्या माथ्यावर लागेल. चित्रओळ चित्राखाली, तक्त्याचं शीर्षक तक्त्यावर.’ वर्गात वाचून दाखवलं. त्याच मुलीचा पुढचा प्रश्न : फोटोला ‘आकृती ४’ कसं म्हणायचं, फोटो काय आपण काढलेली आकृती आहे का?

नौपाडा, ठाणे
तिला डेस्कवर पाठवा.